ओला, सुका आणि त्यांमधले हात

दुधाची पिशवी रिकामी झाली की तिच्यापुढे दोन वाटा असतात. कापताना कोपरा पूर्ण न तोडता पिशवीलाच राहू दिला, पिशवी विसळून ओट्याच्या कडेला वाळत घातली आणि सुक्या कचऱ्यात टाकली, तर भंगाराच्या दुकानात तिला भाव मिळतो. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिथिनची असते. वितळवून तिचे दाणे करता येतात आणि त्या दाण्यांतून पाइप किंवा नव्या पिशव्या घडतात. तीच पिशवी कालच्या आमटीत आणि कांद्याच्या सालींत बुडून डब्यात गेली, तर ती धुण्याचा खर्चच तिच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि तिची रवानगी कचरा डेपोवर होते. कोपरा वेगळा तुटला असेल, तर तो बोटभर तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. तो गटारात जातो.

चक्रीय अर्थव्यवस्थेबद्दल सध्या पुष्कळ बोललं जातं. जमिनीतून काढायचं, बनवायचं, वापरायचं आणि फेकायचं, ही सरळ रेषा वाकवून तिचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडायचं, म्हणजे फेकलेली वस्तू पुन्हा कारखान्यात नाहीतर मातीत पोहोचवायची, हा त्याचा गाभा. चर्चा मात्र बहुधा यंत्रांभोवती फिरते. कुठे कचऱ्यापासून वीज, कुठे प्लास्टिकपासून इंधन, कुठे आपोआप वर्गीकरण करणारे पट्टे. महाराष्ट्रातल्या शहरांत ही दोन टोकं गेली कित्येक दशकं जुळत आली आहेत ती माणसांच्या हातांनी, आणि त्यातही प्रामुख्याने बायकांच्या. ते हात नेमकं काय करतात आणि त्यांना कुठे अडवलं जातं, हे पाहिल्याशिवाय कुठल्याही यंत्राचा हिशेब लागत नाही.

जुन्या वस्तूंना दुसरं आयुष्य देण्याची रीत मराठी घरांना नवी नाही. स्टीलच्या पातेल्यासाठी जुन्या साड्या आणि शर्टांवर बोहारणीशी दुपारभर चाललेली घासाघीस, महिन्याअखेरीची रद्दी, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, दारावर येणारा कल्हईवाला, हे सगळं अनेकांच्या आठवणीत आहे. बोहारणीने नेलेले कपडे निवडून, धुऊन, दुरुस्त होऊन जुन्या बाजारात पुन्हा विकले जात. फरक पडला तो वस्तूंच्या स्वरूपात. नव्वदच्या दशकानंतर घरात येणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट वेष्टनात येऊ लागली, आणि वेष्टनाशी घासाघीस करायला कुणी दारात येईना.

ते काम रस्त्यावरच्या बायकांनी उचललं. पुण्यातल्या कचरावेचक बायकांपैकी अनेकींची कुटुंबं १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून शहरात आली होती. बहुसंख्य दलित, त्यातही महार आणि मातंग समाजातल्या. गावात शेतमजुरी होती, शहरात काहीच नव्हतं. भांडवल न लागणारं आणि कुणाची परवानगी न मागता करता येणारं एकच काम समोर होतं, कचराकुंडीतून विकण्याजोगं वेचणं. पहाटे निघायचं, कुंड्या उपसायच्या, पाठीवरचं पोतं भरायचं, दुपारी भंगारवाल्याकडे घालायचं. वाटेत कुत्री चावायची, काच हाताला लागायची. परिसरात चोरी झाली की पोलिस आधी यांनाच उचलायचे.

१९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या बायकांमध्ये काम करू लागल्या. अक्षरओळख शिकवायला आलेल्यांसमोर बायकांनी वेगळीच गरज मांडली. कचरा कुंडीत पडण्याआधीच, घरातून वेगळा केलेला मिळाला तर हात कमी घाण होतील आणि माल जास्त मिळेल. त्यानुसार काही वस्त्यांतल्या रहिवाशांना कचरा वेगळा करायला सांगितलं गेलं, बायकांना ओळखपत्रं दिली गेली आणि कामाला सुरुवात झाली. काही काळातच त्याच भागात एका खासगी उद्योजकाने गाडी लावून कचरा उचलायला सुरुवात केली. वेगळा केलेला कचरा मोलाचा आहे, हे त्यालाही कळलं होतं. बायका गाडीसमोर उभ्या राहिल्या.

त्या भांडणातून कचऱ्यावर हक्क कुणाचा हा प्रश्न पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला. मे १९९३मध्ये हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून अधिक वेचक आले आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. आमचं काम हे काम आहे, ते शहराच्या उपयोगाचं आहे आणि त्याची नोंद झाली पाहिजे, असं या संघटनेचं म्हणणं होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे पुणे महापालिकेने या बायकांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ताही भरला. छातीवर लावलेल्या त्या कार्डामुळे पोलिसाला उत्तर देता येऊ लागलं आणि सोसायटीच्या फाटकावर अडवणाऱ्या वॉचमनलाही.

सन २०००मध्ये केंद्र सरकारचे घनकचरा नियम आले. कुंड्या हटवून घरोघरी कचरा गोळा करणं महापालिकांवर बंधनकारक झालं. वरवर पाहता ही सुधारणा होती. पण कुंडी गेली म्हणजे वेचकांची रोजीही गेली, आणि देशातल्या अनेक शहरांत हे काम थेट ठेकेदारांच्या गाड्यांकडे गेलं. पुण्यात संघटनेने दुसरा प्रस्ताव मांडला: घरोघरी जायचंच असेल तर आम्हीच जाऊ. त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था जन्माला आली आणि २००८मध्ये तिचा महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. आज संस्थेचे साडेतीन हजारांहून अधिक सदस्य शहरभर रोज ढकलगाड्या आणि बादल्या घेऊन दारोदार जातात.

या व्यवस्थेचं अर्थकारण नीट समजून घेण्यासारखं आहे. वेचक बाईला दोन ठिकाणांहून पैसे मिळतात. एक, प्रत्येक घराकडून महिन्याला मिळणारं ठरावीक शुल्क. दोन, सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल त्याची किंमत. ओला कचरा ती महापालिकेच्या गाडीत किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकते. सुका कचरा तिचा. म्हणजे घराने कचरा जितका नीट वेगळा केला, तितकं तिचं उत्पन्न वाढतं. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना "ताई, डबा एकत्र देऊ नका" हे रोज सांगण्यात तिचा स्वतःचा स्वार्थ असतो, आणि तो शहराच्याही भल्याचा असतो.

टनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराचं गणित बरोबर उलटं आहे. त्याला वजन हवं असतं. ओलं आणि सुकं एकत्र झालं, वर पावसाचं पाणी पडलं, त्यात थोडी माती आणि राडारोडा मिसळला, तर काटा वर जातो आणि बिलही. सगळा कचरा वेगळा झाला आणि अर्धा वाटेतच विकला गेला, तर त्याचं उत्पन्न निम्म्यावर येईल. माणूस किती प्रामाणिक आहे, याचा इथे संबंध नाही. पैसे कशाचे मिळतात, याचा आहे. शहराचा कचरा चक्रात राहणार की डेपोवरच्या डोंगरावर जाणार, हे कराराच्या त्या एका कलमात ठरतं, आणि नगरसेवकांपासून सोसायटीच्या सचिवांपर्यंत बहुतेकांचं त्याकडे दुर्लक्ष होतं.

वर्गीकरणाच्या शेडमध्ये थोडा वेळ उभं राहिलं तर कौशल्य या शब्दाला वजन येतं. कागद एक नसतो: वर्तमानपत्र वेगळं, वहीचा पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा, आणि मेण किंवा प्लास्टिक चढवलेला कागद नुसता फसवा, तो कुणी घेत नाही. काचेच्या अख्ख्या बाटल्या वेगळ्या, कारण त्या धुऊन पुन्हा भरता येतात. फुटलेली काच वितळायला जाते आणि तिला जेमतेम भाव. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक एक, तिच्या झाकणाचं दुसरं. पिशवी चुरगाळल्यावर कसा आवाज होतो, बोटांना ती कशी लागते, यावरून जात ओळखली जाते. मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडमधले कामगार तर प्लास्टिकचा कपचा जाळून त्याच्या वासावरून ते कुठल्या प्रकारचं आहे हे सांगतात. धूर छातीत जातो ते वेगळंच. या ज्ञानाला कुठलं प्रमाणपत्र नाही, आणि शहराचा सगळा पुनर्वापर त्यावर उभा आहे.

इथून माल छोट्या भंगारवाल्याकडे, तिथून एकाच प्रकारचा माल घेणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि मग कारखान्यात जातो. पुठ्ठा कागद गिरण्यांमध्ये, काच भट्टीत, प्लास्टिक धारावी किंवा मालेगावसारख्या ठिकाणी, जिथे त्याचे दाणे होतात. प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढते आणि सर्वांत खालच्या टप्प्यावर ती सर्वांत कमी असते. म्हणून वेचकांच्या संघटनेने स्वतःची भंगार दुकानं काढली. काट्यात मारलं जाऊ नये, एवढी साधी गोष्टही तेव्हा मोठी होती.

सगळी वर्तुळं सारखी पूर्ण होत नाहीत, हेही सांगायला हवं. काच आणि ॲल्युमिनिअम कितीही वेळा वितळवलं तरी त्यांचा गुण टिकतो. खनिजापासून नवं ॲल्युमिनिअम बनवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे पाच टक्क्यांत जुनं वितळतं. कागदाचे तंतू मात्र प्रत्येक फेरीत आखूड होतात आणि पाच-सात फेऱ्यांनंतर निकामी ठरतात. पाण्याच्या बाटलीपासून बहुधा पॉलिस्टरचा धागा होतो, धाग्याचा शर्ट होतो, आणि सुती धाग्यात मिसळलेल्या त्या शर्टाचं पुढे फारसं काही होत नाही. बाटलीची पुन्हा बाटली होणं अजून अपवादच आहे. त्यामुळे "हे रिसायकल होतं" असं वेष्टनावर छापलेलं वाचून निश्चिंत होणं घाईचं ठरतं.

सुक्या कचऱ्याची ही अवस्था. शहरी कचऱ्यातला निम्म्याहून जास्त भाग मात्र ओला असतो, आणि खरी दुर्गंधी, खरी भांडणं त्यावरून होतात. भाजीची देठं आणि उरलेला भात ढिगात हवेविना दाबले गेले की मिथेन तयार होतो. वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट प्रभावी आहे, आणि तोच डेपोवरच्या आगींना खतपाणी घालतो. ढिगातून झिरपणारं काळं पाणी विहिरींत उतरतं. पुण्याचा कचरा आधी कोथरूडला टाकला जायचा. शहर तिथवर पोहोचलं तसा नव्वदच्या दशकात तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत गेला. शेतं असलेल्या गावांच्या उशाला शहराने आपला डोंगर रचला. विहिरी बिघडल्या, माश्यांनी घरं भरली, लग्नाची बोलणी अडू लागली. गावकरी वर्षानुवर्षं आंदोलन करत राहिले. एप्रिल २०१७मध्ये डेपोला मोठी आग लागली तेव्हा त्यांनी गाड्या अडवल्या, आणि पुढचे सुमारे तीन आठवडे पुण्याचा कचरा पुण्यातच साठून राहिला. ज्या सोसायट्यांकडे स्वतःचे खतखड्डे होते, त्यांना त्या दिवसांत फारसा फरक पडला नाही. हे त्या उन्हाळ्यात पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिलं.

ओल्या कचऱ्याला गावाबाहेर पाठवायची गरजच नाही, हे सांगणारी संशोधनाची परंपराही इथलीच आहे. इरावतीबाई आणि दिनकर कर्वे यांचे पुत्र, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्याच्या 'आरती' या संस्थेत घरगुती बायोगॅस संयंत्राचा नव्याने विचार केला. गोबर गॅसमध्ये जनावराने पचवून टाकलेलं शेण जातं, म्हणजे त्यातली बरीचशी ऊर्जा आधीच वापरलेली. त्याऐवजी जीवाणूंना थेट पिष्टमय अन्न दिलं तर? त्यांच्या मोजणीनुसार दोन किलो खरकट्यातून किंवा पिठासारख्या पदार्थातून एका दिवसात जेवढा गॅस मिळाला, तेवढ्यासाठी जुन्या पद्धतीत ४० किलो शेण आणि ४० दिवस लागत. या कामाला २००६मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. गच्चीत मावणाऱ्या टाक्या अनेक घरांत बसल्या.

मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचे डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' संयंत्र घडवलं. त्यात खरकटं आधी दळून गरम पाण्यात मिसळतात, उष्णतेत वाढणारे जीवाणू ते एका टाकीत झटपट फोडतात आणि मग दुसऱ्या, हवाबंद टाकीत मिथेन तयार होतो. नारळाची करवंटी, हाडं असले जिन्नस त्याला चालत नाहीत. माथेरानसारख्या, मोटारींना बंदी असलेल्या डोंगरावरच्या गावात असं संयंत्र उभं राहिलं, कारण तिथून कचरा खाली आणणं हेच मोठं संकट होतं. मुंबईतली काही निसर्गऋण संयंत्रं स्त्री मुक्ती संघटनेच्या 'परिसर विकास' उपक्रमातल्या कचरावेचक बायका चालवतात. ज्योती म्हापसेकर यांच्या 'मुलगी झाली हो' नाटकामुळे ही संघटना घरोघरी माहीत झाली. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तिने वेचक बायकांना बागकाम, खत आणि बायोगॅस शिकवून उभं केलेलं काम त्या नाटकाइतकंच मोठं आहे.

पुणे महापालिकेनेही प्रभागांत रोज पाच टन ओला कचरा रिचवणारी बायोगॅस संयंत्रं उभारली. कल्पना उत्तम होती: कचरा जिथला तिथे, गॅसवर वीज, विजेवर रस्त्याचे दिवे. त्यातली अनेक क्षमतेपेक्षा खूप कमी चालली, काही बंद पडली. कारण शोधायला दूर जावं लागत नाही. जीवाणूंच्या टाकीत प्लास्टिकच्या पिशव्या, चमचे आणि कापडाच्या चिंध्या गेल्या की दळणयंत्र अडतं, पंप तुंबतो, आणि दुरुस्तीचं टेंडर निघेपर्यंत जीवाणू मरतात. यंत्र उभारायला निधी मिळतो. दारात उभं राहून "वेगळं करून द्या" सांगणाऱ्या माणसाच्या पगारासाठी तरतूद करताना हात आखडतो. यंत्राचा घास मात्र त्याच माणसावर अवलंबून आहे.

शहरातल्या काही छोट्या उपक्रमांनी हे गणित सरकारची वाट न पाहता सोडवलं. पुण्यात हिवाळ्यात झाडांची पानं गळतात, सफाई कर्मचारी किंवा सोसायटीचा माळी ती ढीग करून जाळतो, आणि सकाळभर धूर कोंडतो. दुसरीकडे गच्चीवर बाग करणाऱ्यांना खतासाठी सुकी पानं हवी असतात, कारण नुसत्या ओल्या कचऱ्याला वास सुटतो. त्यात पानांचा कार्बन मिसळला की ते नीट कुजतं. अदिती देवधर यांनी २०१६च्या सुमारास 'ब्राऊन लीफ' सुरू केलं आणि ज्यांच्याकडे पानं आहेत ते आणि ज्यांना हवीत ते, यांची गाठ घालून दिली. पोती भरून पानं एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाऊ लागली. कुणाला यंत्र लागलं नाही.

गणपतीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. मूर्तीची शाडू माती पेणच्या कारखान्यांत गुजरातेतून येते. दरवर्षी खणायची, आणायची, दहा दिवसांनी नदीत सोडायची. वास्तविक शाडू पाण्यात विरघळून तळाशी बसतो आणि वाळवला की पुन्हा मूर्तीला चालतो. पुण्यातल्या पर्यावरण संस्थांनी 'स्वच्छ'च्या साथीने 'पुनरावर्तन' मोहीम काढली: घरच्या बादलीत विसर्जन करा, तळाची माती वाळवा, केंद्रावर आणून द्या, आम्ही ती मूर्तिकारांना परत करू. पुढच्या वर्षीच्या मूर्तीत या वर्षीची माती असते. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणणाऱ्या भक्ताला यापेक्षा काय हवं!

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात महिनोन् महिने तशाच राहतात. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने साधी रासायनिक युक्ती काढली. बादलीभर पाण्यात मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट घालून मूर्ती ठेवली की दोनेक दिवसांत ती विरघळते. खाली खडूसारखं कॅल्शिअम कार्बोनेट बसतं आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, जे झाडांना खत म्हणून देता येतं. महापालिकेने हे रसायन नागरिकांना मोफत वाटलं. घाटावर निर्माल्य गोळा करायला दरवर्षी वेचक बायका उभ्या असतातच. नदीत जाणारी फुलं त्यांच्या हातून खतात जातात.

मोठ्या शहराला हे सारं परवडतं, लहान गावाचं काय, असा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने दिलं. जेमतेम १२ हजार वस्तीच्या या गावात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने कचरा घरातच वेगळा करून घ्यायचा कठोर आग्रह धरला. मिसळलेला डबा उचललाच जाणार नाही, असा. मग बाकीचं सोपं झालं. ओल्याचा बायोगॅस, पालापाचोळ्याच्या आणि कागदाच्या इंधन-विटा, प्लास्टिकचा बारीक चुरा डांबरात मिसळून रस्ते. जुनी डेपोची जागा साफ करून तिथे झाडं लावली आणि तिचं नाव 'स्वच्छ भारत पर्यटनस्थळ' ठेवलं. माणसं तिकीट काढून कचरा प्रकल्प बघायला येऊ लागली. प्लास्टिकचा रस्ता हे पूर्ण वर्तुळ नव्हे, त्या प्लास्टिकचं पुन्हा काही होत नाही. पण समुद्रात जाण्यापेक्षा ते शतपटीने बरं.

शेजारच्या गोव्यात वाट थोडी वेगळी निघाली. कळंगुट-कांदोळीच्या पर्यटनपट्ट्याचा कचरा साळगावच्या डोंगरावर साचत होता. मनोहर पर्रीकरांनी हा विषय हट्टाने लावून धरला आणि मे २०१६मध्ये तिथेच रोज १०० टनांचा बंदिस्त प्रकल्प सुरू झाला, पुढे त्याची क्षमता वाढवण्यात आली. ओल्यापासून वीज, सुक्याचं वर्गीकरण, आणि जे कशातच बसत नाही त्याच्या गाठी बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना. मध्यवर्ती प्रकल्पही चालू शकतो, हे साळगावने दाखवलं. त्यासाठी सरकारला वर्षानुवर्षं मोठा खर्च सोसावा लागतो, हे मात्र प्रकल्प बघायला जाणारी शिष्टमंडळं परत आल्यावर फारसं सांगत नाहीत.

आता जे कुठल्याच वर्तुळात बसत नाही, त्याकडे. चिप्स, शॅम्पू, गुटखा यांची पाकिटं प्लास्टिक आणि ॲल्युमिनिअमचे पातळ थर एकमेकांना चिकटवून बनतात. माल ताजा राहतो, पण थर वेगळे करणं इतकं महाग की भंगारवाला त्यांना हात लावत नाही. पुण्यातल्या एका नवउद्योगाने अशा पाकिटांपासून गॉगल बनवून दाखवला, 'इकोकारी'सारख्या संस्था त्यांच्या पट्ट्या चरख्यावर आणि हातमागावर विणून पिशव्या करतात. कौतुकास्पद, पण रोज निघणाऱ्या ढिगापुढे चिमूटभर. २०१६च्या प्लास्टिक कचरा नियमांत अशी बहुथरी वेष्टनं दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचं कलम होतं. २०१८च्या दुरुस्तीत त्याला अशी पुस्ती जोडली की ज्यापासून ऊर्जाही मिळवता येत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोगच नाही, तेवढीच बंद. सिमेंटच्या भट्टीत काहीही जळतं. पाकिटं राहिली.

सॅनिटरी पॅड आणि डायपर हा याहून जिव्हाळ्याचा विषय. ते उघडेच डब्यात पडतात आणि वेचक बाईला ते हाताने निवडावे लागतात. २०१३मध्ये पुण्यातल्या वेचक बायकांनी असे वापरलेले पॅड पोत्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिले. तुमचा माल, तुम्हीच बघा. पुढे 'लाल ठिपका' मोहीम आली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे हात लावण्याआधीच कळेल. कंपन्यांनी प्रत्येक पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी द्यावी, असं २०१६च्या घनकचरा नियमांतही होतं. ठिपका काढायला घरातलं साधं पेन पुरतं, आणि ज्या इमारतींत एखाद्या बाईने मनावर घेतलं तिथे तो निघतोही.

उत्पादकाने आपल्या वेष्टनाची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व कायद्यात आलं आणि २०२२मध्ये प्लास्टिकसाठी सविस्तर व्यवस्था झाली. कंपनीने जितकं प्लास्टिक बाजारात आणलं, तितक्याच्या पुनर्वापराची प्रमाणपत्रं नोंदणीकृत कारखान्यांकडून विकत घ्यायची. पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या मोजक्या कारखान्यांनी दिलेली सुमारे सहा लाख प्रमाणपत्रं बनावट निघाली. आणि जी खरी होती, त्यांचा पैसाही कारखान्यापर्यंत पोहोचतो. ज्या बाईने ते पाकीट घाणीतून उचललं, तिच्यापर्यंत तो उतरण्याची तजवीज त्या व्यवस्थेत नाही. कच्च्या तेलाचे भाव पडले की नवं प्लास्टिक स्वस्त होतं, जुन्याला गिऱ्हाईक राहत नाही, आणि पहिली कात्री तिच्याच किलोमागच्या दराला लागते.

'स्वच्छ'चा पहिला करार २०१३मध्ये संपला तेव्हा नव्यासाठी काही वर्षं वाट पाहावी लागली. त्यानंतरही प्रत्येक मुदत संपताना हे काम ठेकेदाराला द्यावं, गाड्या लावाव्यात, अशी कुजबुज सुरू होते. अशा वेळी चर्चा सफाईच्या दर्जाची होते, आणि ती जरूर व्हावी. वेळेवर न येणाऱ्या गाडीची तक्रार नागरिकाने करायलाच हवी. त्याच बैठकीत आणखी काही गोष्टी लेखी ठरवता येतील. प्रत्येक प्रभागात छप्पर, पाणी आणि संडास असलेली वर्गीकरणाची शेड, कारण आज अनेक जणी फुटपाथवर, पुलाखाली बसून माल निवडतात आणि पावसाळ्यात पुठ्ठा भिजून त्यांची दिवसाची कमाई जाते. हातमोजे आणि ढकलगाड्या वेळेवर. विकल्या न जाणाऱ्या प्लास्टिकसाठी किलोमागे रक्कम, जी उत्पादकांच्या पैशातून थेट वेचकांच्या संस्थेच्या खात्यात यावी. टनाऐवजी डेपोवर न गेलेल्या कचऱ्यावर मोबदला. आणि शहराच्या विकास आराखड्यात या शेडसाठी आरक्षित जागा, वाहनतळासाठी असते तशीच, क्रमांकासह नकाशावर दाखवलेली.